पाण्याची रोजकीर्द

१९८९ सालचा जून महिना. सोलापूर जिल्ह्यातल्या एका आडगावी आमच्या बँकेची तीन माणसांची शाखा होती आणि तिचा व्यवस्थापक म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. मृग लागून दोन दिवस झाले होते. आभाळ रोज भरून येई आणि रोज ओसरून जाई. सकाळी शाखेचे शटर वर गेले की पायरीवर बसलेला पहिला माणूस बहुधा ग्रामपंचायतीचा शिपाई असे. गावाला नळाचे पाणी सोडण्याचे कामही त्याच्याचकडे, म्हणून सारे गाव त्याला पाणीवाले मामा म्हणे. त्या दिवशी मामांनी ग्रामपंचायतीच्या खात्याचा चारशे की साडेचारशे रुपयांचा चेक काउंटरवर ठेवला. त्यावर सरपंचांची सही होती, ग्रामसेवकाची नव्हती.

“मामा, भाऊसाहेबांची सही राहिलीय.”

“भाऊसाहेब तालुक्याला मिटिंगला गेल्यात साहेब. चार दिवस काय यायचे न्हाईत. पावडरीचा डबा रिकामा झालाय अन् पाऊस तर तोंडावर आलाय. तेवढं करा की.”

पावडर म्हणजे विहिरीत आणि टाकीत टाकायची टीसीएल, ब्लिचिंग पावडर. मी मामांना नियम समजावून सांगितला. ग्रामपंचायतीच्या खात्यातून पैसे काढायचे तर दोघांच्या सह्या हव्यात. ‘भाऊसाहेब आले की या, पाच मिनिटांत पैसे देतो,’ असेही म्हणालो. मामांनी चेकची घडी करून ती कोपरीच्या खिशात ठेवली आणि काही न बोलता ते गेले.

भाऊसाहेब चार दिवसांनी नव्हे, अकरा दिवसांनी आले. मधल्या काळात पाऊस आला आणि त्यामागोमाग गावात जुलाब-उलट्यांची साथ आली. शाळेच्या दोन वर्गांत माणसे ओळीने निजवली होती आणि सलाइनच्या बाटल्या खिडक्यांच्या गजांना टांगल्या होत्या. खालच्या वस्तीतली एक म्हातारी आणि दीड वर्षाचे एक मूल गेले. तालुक्याहून आलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी गावभर हिंडून कारण शोधले. ओढ्यालगत पाइपाचा एक जोड गळत होता. नळाला पाणी दिवसातून एकच तास. उरलेले तेवीस तास पाइप रिकामा. पाणी बंद झाले की रिकामा होणारा पाइप बाहेरचे ओढून घेतो. पाऊस पडल्यावर त्या जोडाभोवती गावाच्या गटाराचे पाणी साचले होते. तेच पाइपात शिरले आणि सकाळच्या पहिल्या पाण्याबरोबर घागरीत उतरले.

मी परत पाठवलेल्या चेकमुळे साथ आली, असे म्हणणे खोटे होईल. पाइपातून एवढी घाण आत येत असताना डबाभर पावडर पुरी पडली असती की नाही, कोण सांगणार? नियमाने पाहिले तर माझे काहीच चुकले नव्हते. पुन्हा तसा चेक समोर आला असता तर मी तो पुन्हा परतच पाठवला असता. पण शाळेच्या त्या वर्गांतून बाहेर पडताना एक विचार मनात आला आणि तो आजवर गेलेला नाही. साडेचारशे रुपये बाहेर काढायला दोन सह्या लागत होत्या. तीन हजार माणसांच्या पोटात जाणारे पाणी सोडायला एकही सही लागत नव्हती.

बँकेत ज्यांनी काम केलेले नाही त्यांना आमची शिस्त थोडी हास्यास्पद वाटते. तिजोरीला दोन किल्ल्या, त्या दोघांकडे. एकटा कितीही प्रामाणिक असला तरी एकट्याने तिजोरी उघडायची नाही. संध्याकाळी रोकड मोजायची, वहीशी ताडून पाहायची आणि ती जुळल्याशिवाय घरी जायचे नाही. एका रुपयाच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बसलेले कॅशियर मी पाहिले आहेत. मधूनच न सांगता तपासनीस येई आणि आधी रोकड मोजायला बसे. यात कोणाला अपमान वाटत नसे. पैसा ही अशी वस्तू आहे, की तिच्याबाबत माणसाच्या चांगुलपणावर सगळा भार टाकू नये, हे सर्वांनी मान्य केले होते. जुन्या पेढीवर या रोजच्या वहीला रोजकीर्द म्हणत. आज काय आले, काय गेले, काय उरले, ते आजच लिहायचे, उद्यावर ठेवायचे नाही.

पण या शिस्तीमागे आणखी एक गोष्ट होती आणि ती मला निवृत्तीनंतर नीट उमगली. आमची शाखा तीन माणसांची होती, तरी ती एकटी नव्हती. अडचण आली तर फोन करायला विभागीय कार्यालय होते. शिकायला प्रशिक्षण महाविद्यालय होते. कॅशियर आजारी पडला तर दुसऱ्या शाखेतून माणूस येई. लहान शाखा मोठ्या झाडाची फांदी होती. पाणीवाल्या मामांच्या मागे काय होते? एक पाना, व्हॉल्वची एक चावी आणि रिकामा डबा. ते आजारी पडले तर त्यांचा पोरगा पाणी सोडी. त्यांना कोणी काही शिकवले नव्हते. आधीच्या शिपायाने जे दाखवले ते त्यांचे शास्त्र. गावाच्या पाण्याचा धोका अडाणीपणातून येतो असे आपण समजतो. माझा अनुभव वेगळा आहे. तो पुष्कळदा एकटेपणातून येतो.

मधल्या काळात बरेच बदलले, हे कबूल केलेच पाहिजे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेत स्थान मिळाले आणि पिण्याचे पाणी हा विषय त्यांच्याकडे सोपवायच्या कामांच्या यादीत आला. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली, तेव्हा देशातल्या ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांत नळ होता. २०२५ उजाडेपर्यंत हा आकडा १५ कोटींच्या पुढे गेला. माणशी रोज ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठरले. ज्यांच्या आया-बहिणींनी मैल मैल हंडे वाहिले, त्यांना या आकड्यांचे मोल सांगावे लागत नाही. मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवण्याची घोषणाही २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली.

परंतु नळ हा दुधारी असतो. पूर्वी गावात चार विहिरी असत. एक नासली तर तिचे पाणी पिणारी माणसे आजारी पडत, बाकीची वाचत. आता सगळे गाव एका टाकीला बांधलेले आहे. सोय एकाच पाइपातून येते आणि संकटही. ज्या गावाने कालपर्यंत फक्त पाणी भरले, त्या गावाची ग्रामपंचायत आज पाणीपुरवठा करणारी संस्था झाली आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच सुमारे २८ हजार. त्यांतल्या कितीतरी ठिकाणी ही ‘संस्था’ म्हणजे अर्धवेळ पगारावरचा एकच माणूस, ज्याला लोक कुठे जलसुरक्षक म्हणतात, कुठे वॉटरमन, कुठे नुसता पाणीवाला.

आपल्याकडे तपासणीची व्यवस्था नाही असे नाही. महाराष्ट्रात पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाण्याच्या उद्भवांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि जोखमीप्रमाणे ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात. गावोगावच्या पाच पाच महिलांना तपासणी संच वापरायचे शिक्षण द्यायचे, अशीही योजना आहे. हे सारे चांगलेच आहे. पण नमुन्याच्या तपासणीला एक मर्यादा आहे. जंतूंची वाढ पाहायची तर प्रयोगशाळेत निदान एक दिवस तरी जातो. शिवाय नमुना तालुक्याला पोचणे, अहवाल गावात येणे, तो कोणीतरी वाचणे. अहवाल हातात पडतो तेव्हा ते पाणी पिऊन झालेले असते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर तो वर्षअखेरचा ताळेबंद झाला. कर्ज बुडाले हे त्यातून कळते, ते बुडू नये म्हणून काय करायचे ते कळत नाही.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली पिण्याच्या पाण्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत जलसुरक्षा आराखड्याची कल्पना मांडली आणि २०१२ मध्ये लहान वस्त्यांच्या योजनांसाठी त्यावर स्वतंत्र पुस्तिका काढली. नाव जड असले तरी कल्पना आजीबाईच्या बटव्यातली वाटावी इतकी साधी आहे. पाणी जिथून येते तिथपासून ते घरातल्या माठापर्यंत वाटेवर चालत जायचे आणि प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारायचे. इथे काय बिघडू शकते? बिघडले तर आपल्याला कसे कळेल? कळल्यावर कोण काय करील?

कल्पना करा, की आपण अशा फेरीला निघालो आहोत. पहिला मुक्काम विहीर. कठड्याला भेगा आहेत का? वरच्या अंगाला गोठा, उकिरडा किंवा नव्याने खणलेला संडासाचा खड्डा आहे का? तिथे धुणी धुतात का, जनावरे धुतात का? दुसरा मुक्काम टाकी. झाकण आहे का, की पत्र्याचा तुकडा दगडाने दाबून ठेवला आहे? आतून शेवटची कधी धुतली होती? ती तारीख टाकीवर लिहिलेली असते, पण किती वर्षांपूर्वीची? तिसरा मुक्काम पाइप. गटारातून तो कुठे कुठे जातो? व्हॉल्वच्या खड्ड्यात पाणी साचते का? घरोघरच्या नळांना तोट्या आहेत का, की पाइपाचे तोंड जमिनीतल्या खड्ड्यात बुडालेले आहे? चौथा मुक्काम शेवटचा नळ. आणि पाचवा आपले स्वतःचे स्वयंपाकघर. माठावर झाकण आहे का, पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने घेतात की हात बुडवून? या फेरीला दोन तास लागतात, इंजिनियर लागत नाही. पण ती कोणीतरी हाताला धरून एकदा करून दाखवावी लागते आणि दर मोसमाला पुन्हा करावी लागते.

पावडरीचेच पाहा. ‘टीसीएल टाकली’ एवढे म्हटले की आपले समाधान होते. ताज्या, चांगल्या टीसीएलमध्ये उपयोगी क्लोरीन साधारण ३३ टक्के असतो. ५० हजार लिटरच्या टाकीत लिटरमागे एक मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा तर ५० ग्रॅम क्लोरीन लागतो, म्हणजे दीडशे ग्रॅम पावडर. पण ही पावडर हवा, ऊन आणि ओल लागून मरत जाते. पोते फोडून पंचायतीच्या ओलसर कोपऱ्यात ठेवले आणि तिचे बळ ११ टक्क्यांवर आले, तर तेच काम करायला साडेचारशे ग्रॅम लागतील. पाणी गढूळ असेल तर त्याहून जास्त. मामा एक वाटी टाकत. चैत्रात एक वाटी, आषाढातही एक वाटी. आम्ही बँकवाले ज्याला घसारा म्हणतो तो पावडरीलाही लागतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकीत सोडायची, निदान अर्धा तास थांबायचे आणि मग पाणी सोडायचे. पाणी शेवटच्या नळाला पोचल्यावर त्यात क्लोरीन उरला आहे का ते पाहायचे. भारतीय मानकाप्रमाणे तो लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम असावा. औषधाचे थेंब टाकले की नळीतले पाणी पिवळसर होते. रंग आला नाही तर समजावे, की वाटेत कुठेतरी घाणीने तो खाऊन टाकला. ही चाचणी दोन मिनिटांची आहे. टाकीजवळ नव्हे, ती शेवटच्या नळावर करायची, एवढेच लक्षात ठेवायचे.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. क्लोरीनने किंवा उकळण्याने जंतू मरतात, पाण्यात विरघळलेले क्षार जात नाहीत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांना फ्लोराइडचा त्रास आहे. खतांमुळे आणि मैल्यामुळे नायट्रेट वाढते आणि ते तान्ह्या मुलांना घातक ठरू शकते. असे पाणी उकळले तर क्षार उलट दाट होतात. तिथे उद्भवच बदलावा लागतो किंवा वेगळी प्रक्रिया करावी लागते, आणि ते एकट्या ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले काम नव्हे.

हे सगळे आपल्या मागासलेपणाचे लक्षण आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी कॅनडातली एक हकिकत सांगतो. ओंटारियो प्रांतात वॉकर्टन नावाचे गाव आहे, पाच हजारांच्या आतल्या वस्तीचे. २००० सालच्या मे महिन्यात तिथे मोठा पाऊस झाला. शेतातल्या शेणखतातले जंतू गावाच्या एका उथळ विहिरीत उतरले. सात माणसे मरण पावली आणि सुमारे २३०० आजारी पडली, म्हणजे जवळजवळ निम्मे गाव. श्रीमंत देश, पक्के रस्ते, चोवीस तास पाणी. मग घडले काय? पाणीपुरवठा पाहणारी माणसे काम करता करता शिकलेली होती. धोक्याचे खरे शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. विहिरीवर रोज क्लोरीन मोजायचा, तो ते मोजत नसत आणि वहीत मात्र मनाने आकडे भरत. प्रयोगशाळेचा वाईट अहवाल आला, तोही आरोग्य खात्यापासून लपवला गेला. चौकशी आयोगाने २००२ साली अहवाल दिला, तेव्हा त्यात या माणसांवर ठपका होताच, पण त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी व्यवस्थेलाही सोडलेले नव्हते. पुढे ओंटारियोत पाणी सोडणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे आणि प्रमाणपत्राचे नियम कडक झाले आणि त्याच वॉकर्टनमध्ये लहान योजनांच्या माणसांना शिकवणारे केंद्र उभे राहिले.

बँकेत तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला या गोष्टीतला एक तपशील जास्त टोचतो. वही होती. आकडे होते. ते खोटे होते. वहीला पाहणारा नसला की वही खोटे बोलू लागते.

आणि दूर कशाला जायचे? २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगतच्या भागात गुलेन-बारे सिंड्रोमची साथ आली आणि रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. नांदेड, किरकटवाडी, धायरी ही त्या भागातली नावे. कालपरवापर्यंत ही स्वतंत्र गावे होती, मग ती महापालिकेत आली. माणसे शहराची झाली, इमारती शहरी झाल्या, पाण्याची व्यवस्था मात्र गावाच्या विहिरीभोवतीच राहिली. संशयाचे बोट पाण्याकडे गेले. तपासणीत खासगी आरओ केंद्रांच्या आणि टँकरांच्याही काही नमुन्यांत दूषित पाणी सापडले. ‘आम्ही बुवा जारचेच पाणी पितो’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जारवर फिल्टरचे चित्र असते, तपासणीची तारीख नसते.

जारच्या पाण्याविषयी माझी आणखी एक तक्रार आहे. गावातली ज्यांची ऐपत असते ती घरे जार घेऊ लागली की ग्रामपंचायतीच्या पाण्यावर बोलणारी तोंडे बंद होतात. ग्रामसभेत आवाज असलेला माणूस वीस लिटरचा जार घरी नेतो आणि ज्याच्याकडे आवाज नाही तो नळाचे पाणी पितो. मग नळ सुधारणार कसा?

लोक पाणीपट्टी भरत नाहीत, वीजबिल थकते, पंप बंद पडतो, मग ग्रामपंचायतीने करायचे काय, असा एक आक्षेप नेहमी येतो. तो खोटा नाही. पण वसुलीत माझे अर्धे आयुष्य गेले आहे. खेड्यातला माणूस पैसे बुडवायला निघालेला नसतो. समोरून काय मिळते ते पाहून तो खिशात हात घालतो. पाणी अवेळी, गढूळ, आठवड्यातून तीनदा आणि पावती मात्र वर्षाची, असे असेल तर तो टाळणारच. आधी पाणी चांगले की आधी पट्टी, हे कोडे कोणीतरी एका टोकाने सोडवायला हवे आणि ते टोक पुरवठा करणाऱ्याचे आहे. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतींना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिला होता. म्हणजे प्रश्न केवळ पैशाचा नव्हता. पैसा वेळेवर योग्य हातात पोचण्याचा होता.

मग करायचे काय? अनुभवी कॅशियरच्या बुद्धीने मला चार गोष्टी सुचतात.

पहिली, सोबत. वीस-पंचवीस गावांमागे पाण्याचा एक फिरता जाणकार हवा. त्याने महिन्यातून एकदा यावे, पाणीवाल्याबरोबर विहिरीपासून शेवटच्या नळापर्यंत चालावे, त्याची वही पाहावी, त्याची अडचण ऐकावी. दंडाची पावती फाडायला नव्हे. आमच्याकडे जुने तपासनीस चूक काढत आणि मग शेजारी बसून ती दुरुस्त कशी करायची तेही शिकवत. तसा माणूस हवा.

दुसरी, पाणीवाल्याचे मोल. त्याला वेळेवर आणि पोट भरेल इतका पगार, प्रशिक्षण आणि तो आजारी पडला तर बदली माणूस. ज्याच्या हातात गावाचे आरोग्य सोपवले त्याला रोजंदारीच्या भावात मोजायचे, हा व्यवहार कोणत्याही सावकाराला कळणार नाही.

तिसरी, पावडरीसाठी छोटी कायम रक्कम. कचेऱ्यांत किरकोळ खर्चासाठी असते तशी. दोन महिन्यांची पावडर नेहमी कोरड्या जागी, बंद डब्यात शिल्लक असावी आणि ती संपायच्या आत नवी यावी. सह्या, ठराव, मंजुरी यांची वाट पाहत गावाने दूषित पाणी पिऊ नये. हे मी सांगतो आहे, यातले प्रायश्चित्त वाचकांच्या लक्षात आले असेलच.

चौथी, पाण्याची रोजकीर्द. तारीख, किती पावडर, किती वाजता, शेवटच्या नळावर रंग आला की नाही. पुढे दोन सह्या. एक पाणीवाल्याची आणि दुसरी शेवटच्या नळाच्या घरातल्या बाईची. वही कपाटात नको, पंचायतीच्या भिंतीवर हवी. आणि त्याच भिंतीवर हेही लिहिलेले हवे, की पाइप फुटला, पूर आला, पावडर संपली तर कोण कोणाला कळवणार, दवंडी कोण देणार आणि पाणी खळखळून उकळूनच प्यावे हा निरोप घरोघर किती वेळात पोचणार.

शेवटच्या नळाचा मी इतका आग्रह का धरतो? १९८९ च्या साथीत गेलेली म्हातारी आणि ते मूल, दोघेही खालच्या वस्तीतले होते. गावाची टाकी उंचावर, गावातल्या जुन्या मोठ्या घरांजवळ असते. पाइप उताराने, गटारे ओलांडत जातो आणि ज्यांना गावाने पिढ्यान् पिढ्या कडेला ठेवले त्यांच्या दारात संपतो. तिथे पाणी सर्वांत शेवटी येते, सर्वांत कमी दाबाने येते आणि वाटेतली सगळी घाण घेऊन येते. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. डॉ. आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाण्याला शिवण्याचा हक्क त्यांनी मिळवून दिला. त्या वस्तीला येणारे पाणी वरच्या आळीइतकेच स्वच्छ आहे की नाही, हे पाहण्याचे काम आपल्यासाठी उरले आहे.

मागच्या वर्षी काही कामाने त्या गावी जाणे झाले. आमची शाखा आता दुसऱ्या इमारतीत गेली आहे. मामा जाऊन बरीच वर्षे झाली. टाकी नवी, उंच, निळ्या रंगाची. पाणी सोडायचे काम मामांची धाकटी सून करते. तिने तालुक्याला दोन दिवसांचे प्रशिक्षण घेतले आहे. मी कोण ते सांगितल्यावर तिने पदर सावरत, जरा लाजतच आपली वही दाखवली. अक्षर टपोरे, आकडे नेटके. मी सवयीने पाने उलटत गेलो. मध्येच तीन दिवसांच्या ओळी कोऱ्या होत्या.

“हे तीन दिवस काय झालं, सूनबाई?”

“पावडर नव्हती जी. बिल टाकलंय, पण कॉम्प्युटरवर दोघांच्या सह्या व्हाव्या लागत्यात, त्यातली एक राहिली हुती. टाकलीच न्हाई पावडर, तर लिहू कसं? खोटं कशाला लिहायचं?”

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हतेच. वॉकर्टनच्या वहीत जे नव्हते ते या वहीत होते. पण त्या तीन कोऱ्या ओळी पाहून ‘हे काय?’ असे विचारणारा पहिला माणूस म्हणजे वाट चुकून आलेला एक निवृत्त बँकवाला, हेही तितकेच खरे होते. पानाच्या उजव्या कडेला एक रकाना होता, ‘पाहणाऱ्याची सही’. तो वहीच्या पहिल्या पानापासून रिकामा होता.

आम्ही दोघे खालच्या वस्तीत गेलो. शेवटच्या घराच्या नळाचे पाणी तिने काचेच्या नळीत घेतले, थेंब टाकले आणि नळी उजेडात धरली. हलका पिवळा रंग आला. तिने त्या दिवसाची ओळ लिहिली, सही केली आणि वही माझ्यापुढे धरली.

“साहेब, तुम्ही बगितलंय न्हवं? मग करा की हितं सही.”

मी केली.